चारशे चार आणि उपडी टोपली

"ताई, त्या करंजाच्या बायकांना सांगून टाका, साइट मेली आहे," प्रणव म्हणाला.

मी चष्मा कपाळावर चढवला. पनवेलच्या आमच्या ऑफिसात हा इशारा सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने लगेच कानातले हेडफोन काढले. फुकटचा खेळ कोण सोडतो?

"मेलेली नाही. आजारी आहे."

"चार वर्षं जुनी साइट, आणि स्वतःचं नाव टाकून सर्च केलं तरी तिसऱ्या पानावर. याला मी मेलेलीच म्हणतो."

"म्हण. पण मी तपासल्याशिवाय तेरावं घालू नकोस."

प्रणव माझा बॉस. तो एकतीस वर्षांचा, मी चोपन्न. पूर्वी मी उरण नाक्याजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायचे. तिथे माउस कसा धरायचा हे त्याला मीच शिकवलं. आता तो मला टार्गेट देतो. दोघेही हे विसरत नाही, म्हणून आमचं बरं चाललंय.

माझं काम काय, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही अजून कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, "ती वेबसाइट बनवते." मी वेबसाइट बनवत नाही. मी तिचं नळकाम बघते. घर कोणीतरी बांधलेलं असतं, रंग कोणीतरी दिलेला असतो, आणि नळाला पाणी येत नसतं. पाणी कुठे अडलंय ते मी शोधते. पाणी म्हणजे गिऱ्हाईक. लोक सर्च करतात तेव्हा तुमचं दुकान वरती दिसावं, यासाठी साइटच्या पोटात जी दुरुस्ती लागते, तिला टेक्निकल एसइओ म्हणतात. नाव भारदस्त आहे. काम बऱ्याचदा गटार उपसण्याचं असतं.

उरणजवळच्या करंजाच्या त्या अकरा जणी. सुकी मासळी विकणारा बचत गट. सोडे, जवळा, बोंबील, वाकटी, सगळं स्वतः वाळवायचं, स्वतः निवडायचं, आणि स्वतःच्या नावाच्या पाकिटात भरून मुंबई-पुण्याला पाठवायचं. पाकिटावरचं ते नाव मिळवायला त्यांना वर्षं लागली होती. त्याआधी त्यांचा माल पोत्यातून जायचा आणि दुसऱ्याच कोणाच्या नावाने विकला जायचा.

आता मुंबईचा एक व्यापारी पुन्हा तेच मागत होता. सगळा माल मी उचलतो, पाकीट माझं, नाव माझं. तुम्ही फक्त वाळवा. वेबसाइटवरच्या ऑर्डरी आटल्या होत्या, त्यामुळे गटातल्या अर्ध्या बायका तयार झाल्या होत्या. नारळी पौर्णिमेनंतर गटाची बैठक होती. तिथे हात वर करून निर्णय होणार होता. गटाच्या प्रमुख हिरामावशी आमच्या ऑफिसात येऊन एवढंच म्हणाल्या होत्या, "बाय, तवर आमचं नाव वर आन. नायतर नाव जाईल."

मे महिना संपत आला होता. माझ्या हातात अडीच महिने होते. सर्च इंजिनच्या हिशेबात हा वेळ म्हणजे दुपारची डुलकी.

पहिल्यांदा मी तेच केलं जे कोणीही करेल. साइट का हळू उघडते ते पाहिलं. होमपेजवर एक व्हिडिओ होता. नारळी पौर्णिमेची मिरवणूक, बँडसकट. पान उघडलं की आपोआप वाजायला लागायचा. पहिल्यांदा उघडला तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभी होते, आणि बँडच्या पहिल्या ठोक्याला कॅशियर उठून उभा राहिला. फोटो तर असे की एकेका बोंबलाचा फोटो लग्नाच्या बॅनरएवढा. मोबाइलवर पान उघडेपर्यंत भात शिजून निवाला असता.

व्हिडिओ काढला. फोटो हलके केले. साइट दोन सेकंदांत उघडायला लागली. मी स्वतःची पाठ स्वतः थोपटली, पंधरा दिवस थांबले आणि रँकिंग पाहिलं.

जागच्या जागी. तिसरं पान. ढिम्म.

"मी म्हणालो होतो," प्रणव म्हणाला.

हे तीन शब्द माणसाने बॉसला बोलू देऊ नयेत. मी सर्व्हरचा लॉग मागवला. लॉग म्हणजे सोसायटीच्या वॉचमनकडची वही. कोण आलं, कुठल्या दारावर गेलं, दार उघडलं की नाही, सगळं त्यात लिहिलेलं असतं. सर्च इंजिनचा एक प्रोग्रॅम असतो, त्याला क्रॉलर म्हणतात. तो अखंड गल्लोगल्ली फिरतो, प्रत्येक दार ठोठावतो, आत काय आहे ते लिहून नेतो. त्याच्या या टिपणांवरून ठरतं की तुम्ही कितवे दिसणार.

मी क्रॉलरच्या भेटी वाचायला लागले. आला, ठोठावलं, चारशे चार. पुढचं दार. चारशे चार. पुढचं. चारशे चार. चारशे चार हा कोड म्हणजे, या पत्त्यावर कोणी राहत नाही. पानामागून पान तेच. दोनशे सत्तरच्या वर पत्ते मी मोजले आणि मोजणं सोडलं. बिचारा क्रॉलर वर्षानुवर्षं रिकाम्या चाळीत दारं वाजवत फिरत होता. आता तर तो यायचाही क्वचित. मीही गेले नसते.

पुढची गोष्ट अजून वाईट. पुण्याच्या एका बाईंनी दोन वर्षांपूर्वी सोड्याच्या खिचडीची कृती लिहिली होती आणि 'सोडे इथूनच घ्या' म्हणून आमच्या साइटची लिंक दिली होती. अशा आणखी वीसेक जणांनी दिल्या होत्या. लिंक म्हणजे शिफारस. सर्च इंजिन तिला फार मानतं. आणि या सगळ्या शिफारशी बंद दाराकडे बोट दाखवत होत्या.

मी हिरामावशींच्या सुनेला, सुप्रियाला, फोन लावला. साइट तीच सांभाळते.

"सुप्रिया, जुनी पानं कोण डिलीट करतं गं?"

"मीच, मॅडम. माल संपला की लगेच."

"सगळी?"

"एकही चुकवलं नाही कधी," ती अभिमानाने म्हणाली.

"आणि नवा माल आला की?"

"नवीन पान, नवीन पत्ता. सासूबाईंची ऑर्डर आहे तशी."

मी डोक्याला हात लावला. तो तिला फोनवर दिसला नाही, हे बरंच झालं.

प्रणवला सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. "मग तर सोपं आहे. जुनं सगळं सोडा. चाळीस शहरांची चाळीस पानं करू. 'ठाण्यात सुकी मासळी', 'नाशिकमध्ये सुकी मासळी', 'नागपूरमध्ये सुकी मासळी'. मजकूर एकच, गावाचं नाव तेवढं बदलायचं. पंधरा दिवसांत वर येतात."

"आणि सर्च इंजिनला कळलं की साइटच खाली फेकली जाते."

"तोपर्यंत बैठक होऊन जाईल."

"मी करणार नाही."

"ताई, हे मी सांगतोय."

"ऐकलं. नाही करणार. तू स्वतः मावशींना विचार. त्या हो म्हणाल्या, तर मी माझं टेबल आवरते."

चोपन्नाव्या वर्षी टेबल आवरणं म्हणजे पुन्हा टेबल मिळेलच असं नाही. पण चेहरा मी असा ठेवला की जणू बाहेर तीन कंपन्या गाड्या घेऊन उभ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उरणच्या बाजारात गेलो. हिरामावशी सकाळी तिथे बसतात. समोर सुक्या मासळीच्या टोपल्या, कानात जड सोनं, आणि नजर अशी की भाव करणारा स्वतःहूनच गप्प होतो.

प्रणवने लॅपटॉप उघडून चाळीस शहरं दाखवली. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नागपूरला आमचं दुकान हाय?"

"दुकान नाही, मावशी. फक्त पान."

"तिथं आमचं कोन बसतं?"

"कोणीच नाही. पण लोकांना वाटेल की..."

"म्हंजे जिथं मी नाय, तिथनं मी हाक मारायची?" मावशी शेजारणीकडे वळल्या. "ऐकलास गो? आता मी नागपूरला बसते."

दोन्ही ओळींतल्या बायका खदाखदा हसल्या. प्रणवने लॅपटॉप मिटला. मी त्या वेळी बोंबील निरखून पाहत होते. फार आनंद चेहऱ्यावर दाखवू नये, एवढी सभ्यता माझ्यात आहे.

पण माझी पाळी यायची होती.

"मावशी, माल संपला तरी पान काढू नका," मी म्हणाले.

"का?"

"पान काढलं की सर्च इंजिनला वाटतं दुकान बंद झालं."

"नाय जमनार." चेहऱ्यावरचं हसू गेलं. "चाळीस वरसं बसते हितं. टोपलीत नाय त्याची हाक मी कधी दिली नाय. सोडे नसताना 'सोडे' बोलायचं, गिऱ्हाइकाला जवल बोलवायचं, आनि मंग जवला गळ्यात मारायचा? ते धंदे त्या मुंबईच्या शेठचे. माल संपला, नाव काढायचं. सुप्रियाला मीच बोलले."

आता कळलं. दोनशे सत्तर बंद दारं आळसाने झाली नव्हती. ती प्रामाणिकपणाने झाली होती. आळस दुरुस्त करता येतो. प्रामाणिक माणसाला काय सांगायचं? मी कालच प्रणवच्या खोट्या पानांना नाही म्हणून आले होते, आणि मावशींच्या दृष्टीने मीही तेच मागत होते, जरा छोट्या मापाने.

मी इकडेतिकडे बघायला लागले. आणि मला ती दिसली. मावशींच्या डावीकडे एक जागा रिकामी होती. बाजारात उभं राहायला जागा नाही, आणि हे चार हात मोकळे. तिथे फक्त एक टोपली होती. उपडी.

"ही जागा कोणाची?"

"शेवंताची. लेकीचं बालंतपन हाय, मोऱ्याला गेलीय. म्हयना झाला."

"महिनाभर कोणी बसलं नाही इथे?"

"बसंल कसं? टोपली दिसत नाय? जागा तिची हाय." मावशींना माझ्या अडाणीपणाची कीव आली. "गिऱ्हाईक येतं, टोपली बघतं, इचारतं शेवंता कवा येनार. आमी सांगतो. मंग ते परत येतं."

"पण टोपलीत माल तर नाही."

"म्हनूनच उपडी हाय ना, बाय! उपडी टोपली खोटं कुठं बोलते?"

मी चष्मा कपाळावर चढवला. प्रणवने तो बघितला आणि एक पाऊल मागे सरकला.

"मावशी," मी म्हणाले, "तुम्ही चार वर्षं काय करताय माहीत आहे? माल संपला की टोपली उचलून घरी नेताय. माल आला की बाजाराच्या दुसऱ्याच टोकाला नवीन जागेवर बसताय. मग तो संपला की तिसऱ्या टोकाला. गिऱ्हाईक जुन्या जागेवर येतं, तिथे टोपलीसुद्धा नाही. ते निघून जातं. पुण्याच्या बाई लोकांना तुमच्याकडे पाठवतात, ते रिकाम्या जागेशी येऊन परत जातात. मी खोटी हाक मारायला सांगत नाही. मी फक्त म्हणते, टोपली उपडी करून तिथेच ठेवा."

मावशींनी एका गिऱ्हाइकाला जवळा मोजून दिला. पदराने हात पुसला.

"त्याच्यावर काय लिवायचं ते मी सांगनार."

"तुम्हीच सांगा."

"मंग ठेव."

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून मला फार आवडलं. प्रत्येक मासळीला कायमचं एक पान, कायमचा एक पत्ता. माल असो वा नसो, पान हलणार नाही. आणि जुन्या प्रत्येक मेलेल्या पत्त्यावर एक पाटी लावायची: इथे राहणारे तिकडे गेलेत. याला रीडायरेक्ट म्हणतात. पोस्टमनला नवा पत्ता सांगून ठेवावा तसं. जुन्या दारावर आलेला माणूस आणि क्रॉलर, दोघेही आपोआप नव्या दारात पोहोचतात, आणि जुन्या शिफारशीही सोबत येतात.

अडचण एकच. कुठलं जुनं पान कुठल्या मासळीचं? सुप्रियाने पत्त्यांना दिलेली नावं मी वाचून दाखवते. 'सोडे-नवे'. 'सोडे-नवे-दोन'. 'सोडे-शेवटचे'. 'सोडे-खरंच-शेवटचे'. इथपर्यंत ठीक. पण पुढे 'मंगळवारचा माल', 'ताजं ताजं', 'काल आलेलं' आणि नुसतंच 'हे'. पानं गेली होती, फोटो गेले होते. 'हे' म्हणजे काय, ते सांगणारं जगात कोणी नव्हतं.

एक सोडून. हिरामावशी पनवेलला आल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या. मी नाव आणि तारीख वाचायची, त्या सांगायच्या.

"मंगळवारचा माल, फेब्रुवारी."

"वाकटी. त्या हप्त्यात सुमनच्या पोरीचा साखरपुडा होता. निम्मी वाकटी तिकडंच गेली."

"काल आलेलं, नोव्हेंबर."

"बोंबील. ढग आलेले, नीट वाळले नवते. मी परत घेतले सगल्यांकडनं."

"आणि 'हे'?"

मावशींनी डोळे मिटले. संपूर्ण ऑफिसने काम थांबवलं होतं.

"करंदी," त्या म्हणाल्या. "सूनबाई त्या दिवशी रागात होती. नाव घालायला सांगितलं तर बोलली, हे घ्या."

सुप्रियाला फोन करून विचारलं. ती हसायला लागली. करंदीच होती. ज्या ऑफिसात आम्ही डेटाबेसचे बॅकअप तीन ठिकाणी ठेवतो, तिथे एक बाई डोळे मिटून चार वर्षांचा डेटा परत देत होती. दोन दिवसांत यादी संपली. सहाच पत्ते असे निघाले जे त्यांनाही आठवले नाहीत. त्याबद्दल त्या जाताना दिलगीर झाल्या.

जुलैच्या मध्यावर सोडे संपले. बोटी बंद, ताजी मासळी नाही, म्हणून याच दिवसांत लोक सुकी मासळी सर्वांत जास्त शोधतात, आणि नेमके सोडे संपले. पूर्वी सुप्रियाने तत्काळ पान उडवलं असतं. या वेळी तिने मावशींनी सांगितलेल्या तीन ओळी टाकल्या.

"सोडे संपले. नवा माल दिवाळीनंतर. जागा आमची हाय."

खाली मी एक छोटी चौकट दिली: माल आला की कळवायचं असेल तर नाव आणि नंबर लिहा. प्रणव म्हणाला, निदान भाषा तरी नीट करू. मावशी म्हणाल्या, मी बोलते तशीच राहील. प्रणव आता त्यांच्याशी वाद घालत नव्हता.

आणि आम्ही थांबलो. या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. तुम्ही पाटी लावलेली असते, पण क्रॉलर त्याच्या सवडीने येतो. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्यात तो जुन्या दारांवर आला आणि वहीत चारशे चारच्या जागी तीनशे एक दिसायला लागलं. तीनशे एक म्हणजे, घर बदललंय, पाठोपाठ या. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, काय झालं? मी म्हणाले, तीनशे एक झालं. तिने पेढा खाल्ला आणि पुढे विचारलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली. बैठकीला मावशींनी मलाही बोलावलं. करंजाला मंडळाच्या हॉलमध्ये अकरा जणी चटईवर, समोर खुर्चीत मुंबईचे शेठ. सभ्य माणूस होता, उगाच खलनायक करत नाही. त्याने गोड आवाजात समजावलं, "बघा, तुमच्या मालात खोट नाही. पण आजच्या जमान्यात तुमचं नाव शोधतंय कोण?"

"शोधा," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"तुमचा फोन हाय ना? शोधा. 'करंजाचे सोडे' लिवा."

शेठने लिहिलं. रँकिंग रोज हलतं आणि सकाळपासून मी पाहिलं नव्हतं. पहिल्या दोन जागी किराणा घरपोच देणारी मोठी दुकानं होती. तिसऱ्या जागी आम्ही. त्याने पान उघडलं. आणि मोठ्याने वाचलं, त्याच तीन ओळी, "जागा आमची हाय"सकट.

"पण यात तर मालच नाही," शेठ म्हणाला.

"नाय," मावशी म्हणाल्या. "सुप्रिया, वही आन."

सुप्रियाने त्या चौकटीत आलेली नावं वहीत उतरवली होती. मावशींनी ती बायकांमध्ये फिरवली. पुणे, ठाणे, दादर. पान उलटलं, तरी नावं चालूच. एकीने आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचं नाव ओळखलं आणि "अगो, ही अजून हाय!" म्हणून ओरडली. शेठ ज्या अर्ध्या बायकांच्या भरवशावर आला होता, त्या वही एकमेकींच्या हातांतून ओढत होत्या.

"माल नाय तर एवढी थांबलीत," मावशी शेठला म्हणाल्या. "आता तुमी सांगा, पाकिटावर नाव कोनाचं घालू?"

हात वर करायची वेळ आली तेव्हा शेठच्या बाजूने दोन वर झाले. त्यांतला एक वही मागायला वर झाला होता.

शेठ चहा पिऊन गेला. जाताना त्याने चौकटीत स्वतःचा नंबरही लिहिला. त्याच्या आईला सोडे आवडतात म्हणे.

आता धडा. प्रणव हल्ली नव्या क्लायंटसमोर या कामाचं प्रेझेंटेशन करतो. तेवीस स्लाइड असतात, आणि चाळीस शहरांचा उल्लेख त्यात कुठेही नसतो. मी मागे बसून ऐकते. माझ्या मते एक स्लाइड पुरली असती: एकदा घेतलेली जागा सोडू नका, आणि संपलं असेल तर संपलं म्हणा.

शेवंता लेकीचं बाळंतपण आटोपून परत आली, तेव्हा तिने सगळ्यात आधी टोपली सुलटी केली. तिच्याआधी तीन गिऱ्हाइकं तिथे येऊन उभी होती.